विश्वाचा आरंभ आणि आमची श्रद्धा

(आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगीं दोन शब्द बोलण्याची आज्ञा उत्सवमंडळानें मला केली, ह्याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहें. महोत्सव म्हटला म्हणजे मागें वळून पाहण्याचा दिवस. हें मंदिर कोणाच्या घामानें उभें राहिलें, कोणकोणत्या धर्मगुरूंनीं येथें सेवा केली, कोणत्या संकटांतून परमेश्वरानें आम्हांस तारून नेलें, हें माझ्यापेक्षां अधिक अधिकारी वक्ते आपणांस सांगतील. मला नेमून दिलेला विषय पुढें पाहण्याचा आहे. ज्या श्रद्धेच्या बळावर आमच्या वाडवडिलांनीं हें मंदिर बांधलें ती श्रद्धा, आणि आज आमचीं मुलें महाविद्यालयांत जें तत्त्वज्ञान व विज्ञान शिकतात तें, ह्यांचा परस्परांशीं संबंध काय, असा तो विषय आहे.

हा विषय पंडितांचा, आम्हां संसारी माणसांस त्याचें काय, असें कोणास वाटण्याचा संभव आहे. मला तसें वाटत नाहीं. ज्या घरांतील एकहि मुलगा वा मुलगी विज्ञान, अभियांत्रिकी किंवा वैद्यक शिकत नाहीं असें घर आज आपल्यांत शोधून काढावें लागेल. रात्रीं पानावर बसलें असतां मुलगा विचारतो, "विश्व महास्फोटांतून झालें असें आम्हांस शिकवितात, मग देवानें तें सहा दिवसांत निर्माण केलें ह्याचा अर्थ काय?" बाप म्हणतो, "असले प्रश्न विचारूं नयेत." आई म्हणते, "रविवारीं फादरांना विचार." मुलगा पुन्हा विचारीत नाहीं, आणि घरच्यांस वाटतें कीं शंका फिटली. शंका फिटलेली नसते. ती घरांतून उठून बाहेर गेलेली असते, आणि पुढें कधीं कधीं तिच्या मागोमाग मुलगाहि मंदिराबाहेर जातो. म्हणून हा प्रश्न पंडितांचा जितका आहे तितकाच आईबापांचाहि आहे.

त्यास उत्तर देतांना दोन चुकीच्या वाटा आपल्यापुढें उघड्या असतात. पहिली वाट भयाची. ह्या वाटेनें जाणारा मनुष्य म्हणतो, विज्ञान हें श्रद्धेचें वैरी आहे. मुलांनीं पोटापुरतें तें शिकावें, पण मनांत त्यास थारा देऊं नये. दुसरी वाट उतावळेपणाची. मोबाईलवर रोज संदेश येतात कीं, अमक्या शास्त्रज्ञानें देव सिद्ध केला, तमक्या प्रयोगानें पवित्र शास्त्र खरें ठरलें. आपण आनंदानें ते संदेश दहा जणांस धाडतों. ही दुसरी वाट गोड आहे, म्हणूनच ती अधिक धोक्याची आहे. विज्ञानाचीं अनुमानें नव्या पुराव्यानिशीं बदलतात; बदलणें हा त्यांचा दोष नसून धर्मच आहे. आज ज्या अनुमानावर आपण श्रद्धेची भिंत चढविली तें अनुमान उद्यां सरलें, तर भिंतहि त्याजबरोबर खालीं येते.

ह्या दोन्ही वाटा टाळून तिसऱ्या वाटेनें चालून गेलेल्या एका धर्मगुरूचें चरित्र आज मी आपणांपुढें ठेवूं इच्छितों. महास्फोटाचा जो सिद्धांत आमच्या मुलांस शाळेंत शिकवितात, त्याचा पाया घालणारा मनुष्य रोज मिस्सा अर्पण करणारा एक कॅथलिक धर्मगुरु होता, ही गोष्ट आपल्यांपैकीं कित्येकांस ठाऊक नसेल. त्यांचें नांव जॉर्ज लमेत्र.

लमेत्र ह्यांचा जन्म १७ जुलै १८९४ रोजीं बेल्जम देशांतील शार्लरॉय शहरीं झाला. लूव्हेनच्या कॅथलिक विश्वविद्यालयांत ते अभियांत्रिकी शिकत असतां १९१४ सालीं पहिलें महायुद्ध पेटलें, आणि हा तरुण सैन्यांत दाखल होऊन पुढें तोफखान्यांत लढला. युद्धाहून परत आल्यावर त्यांनीं गणित व पदार्थविज्ञान ह्यांचा अभ्यास केला, १९२० सालीं डॉक्टरची पदवी मिळविली, आणि त्याच वर्षीं ते सेमिनरींत गेले. २२ सप्टेंबर १९२३ रोजीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतर केंब्रिज येथें एडिंग्टन ह्या विख्यात ज्योतिर्विदांच्या हाताखालीं एक वर्ष व अमेरिकेंत एक वर्ष काढून १९२५ सालीं ते लूव्हेन येथें अध्यापक झाले.

त्या काळीं विश्व एकंदरींत स्थिर आहे अशी विद्वानांची समजूत होती. आइन्स्टाइन ह्यांच्यासारख्या महापंडितानेंहि १९१७ सालीं आपल्या समीकरणांत एक जादा पद घालून विश्व स्थिर राहील अशी तजवीज केली होती. १९२७ सालीं लमेत्र ह्यांनीं एक फ्रेंच निबंध प्रसिद्ध करून असें दाखविलें कीं, विश्व प्रसरण पावत आहे. जी दीर्घिका आपल्यापासून जितकी दूर, तितकी ती अधिक वेगानें दूर जात आहे. त्याच वर्षीं ब्रुसेल्स येथें त्यांची व आइन्स्टाइन ह्यांची गांठ पडली. आइन्स्टाइन ह्यांनीं त्यांच्या गणितांत दोष काढला नाहीं. परंतु निष्कर्ष मात्र त्यांस पटला नाहीं. पुढें १९२९ सालीं अमेरिकेंतील हबल ह्यांनीं आपल्या निरीक्षणांनीं अंतर व वेग ह्यांचें हेंच प्रमाण दाखविलें. १९३१ सालीं लमेत्र आणखी एक पाऊल पुढें गेले. विश्व जर पसरत आहे, तर कालाच्या ओघांत मागें मागें गेल्यास तें एकवटत गेलें पाहिजे. म्हणून सर्व विश्वाचा आरंभ एका अत्यंत घन अशा आद्य अणूपासून झाला असावा, असें त्यांनीं सुचविलें. ह्याच कल्पनेस पुढें महास्फोट हें नांव पडलें. गंमत अशी कीं, हें नांव १९४९ सालीं नभोवाणीवर बोलतांना फ्रेड हॉयल ह्यांनीं दिलें, आणि ते तर ह्या सिद्धांताचे मोठे विरोधक होते.

१९६५ सालीं पेंझियास व विल्सन ह्या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं, आकाशाच्या सर्व दिशांनीं येणारें एक मंद प्रारण आपणांस आढळल्याचें जाहीर केलें. विश्वाच्या आरंभींच्या तप्त अवस्थेचा तो उरलेला अवशेष होय असें ठरलें. वृद्ध लमेत्र ह्यांस ही वार्ता आजारीपणांत, मृत्यूच्या थोडेच दिवस आधीं समजली. २० जून १९६६ रोजीं त्यांनीं देह ठेवला. २०१८ सालीं ज्योतिर्विदांच्या आंतरराष्ट्रीय संघानें, हबल ह्यांच्या नांवानें ओळखला जाणारा नियम ह्यापुढें हबल आणि लमेत्र ह्या दोघांच्या नांवानें ओळखावा अशी शिफारस केली. विश्वाच्या ह्या प्रसरणास सुमारें १३८० कोटी वर्षें झालीं, अशी आजची मोजणी आहे.

येथवर आपणांस अभिमान वाटला असेल, आणि तो योग्यच आहे. परंतु अभिमानासाठीं मी हें चरित्र सांगत नाहीं. खरी गोष्ट पुढेंच आहे.

२२ नोव्हेंबर १९५१ रोजीं पोपमहाराज बारावे पायस ह्यांनीं पोपमहाराजांच्या विज्ञान अकादमीपुढें एक भाषण केलें. विश्वाच्या आरंभाविषयींच्या नव्या शोधांचा गौरव करून त्यांनीं असा आशय मांडला कीं, प्रकाश होवो ही जी परमेश्वराची आद्य आज्ञा, तिची साक्ष जणूं आतां विज्ञानच देत आहे. हें भाषण ऐकून कोणत्या कॅथलिकाचें मन उचंबळलें नसेल? ज्यांच्या सिद्धांताचा हा गौरव, ते लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. ते स्वतः त्या अकादमीचे सभासद होते. त्यांचे चरित्रकार सांगतात कीं, व्हॅटिकनच्या वेधशाळेचे प्रमुख येशूसंघीय फादर ओकॉनेल ह्यांच्याशीं त्यांनीं विचारविनिमय केला, आणि आपली अडचण आदरपूर्वक वरपर्यंत पोंचविली. पुढच्या वर्षीं, सप्टेंबर १९५२ मध्यें, जगांतील ज्योतिर्विदांची परिषद रोम येथें भरली असतां पोपमहाराजांनीं त्यांच्यापुढें भाषण केलें. पण विज्ञानानें सृष्टीची निर्मिति सिद्ध झाली अशा धर्तीचें विधान त्यांनीं पुन्हा केलें नाहीं. एका साध्या धर्मगुरूचें म्हणणें ख्रिस्तसभेच्या मस्तकानें ऐकून घेतलें, ह्यांत दोघांचेंहि मोठेपण दिसून येतें. अकादमीपुढील भाषण म्हणजे श्रद्धेचें सूत्र नव्हे, हेंहि येथें लक्षांत ठेवावें. लमेत्र ह्यांची निष्ठा कोणीहि संशयास्पद मानली नाहीं. उलट १९६० सालीं पोपमहाराज तेविसावे जॉन ह्यांनीं त्यांस त्याच अकादमीचें अध्यक्ष नेमिलें, आणि तें पद त्यांच्याकडे अखेरपर्यंत होतें.

आतां कोणी विचारील, आपल्याच सिद्धांतास देवाच्या नांवाचा आधार मिळत असतां ह्या भल्या धर्मगुरूनें तो कां नाकारावा? १९३१ सालच्या त्या छोट्या टिपणाच्या मूळ प्रतींत त्यांनीं शेवटीं परमेश्वराविषयीं कांहीं ओळी लिहिल्या होत्या, आणि छापावयास देण्यापूर्वीं त्या स्वतःच खोडून टाकल्या होत्या. त्यांची श्रद्धा कच्ची होती म्हणून नव्हे. त्यांचें म्हणणें असें होतें कीं, सत्याकडे जाणाऱ्या दोन वाटा आहेत आणि आपण दोन्ही वाटांनीं चालण्याचें ठरविलें आहे. परंतु एका वाटेवरील पाऊल दुसऱ्या वाटेवर उमटलें असें भासविणें हें दोहोंच्याहि दृष्टीनें अप्रामाणिकपणाचें आहे. ज्या गोष्टीचा निकाल दुर्बिणीनें व गणितानें लावावयाचा, तेथें श्रद्धेचें वजन तागडींत टाकूं नये. आणि ज्या श्रद्धेसाठीं हुतात्म्यांनीं प्राण वेंचले, ती श्रद्धा दुर्बिणीच्या निकालावर टांगून ठेवूं नये.

ह्या सावधगिरीचें फळ आपल्याच महाराष्ट्रांतील एका उदाहरणावरून पाहतां येईल. डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) ह्यांचीं पुस्तकें आपल्या मुलांनीं आवडीनें वाचिलीं आहेत. ते हॉयल ह्यांचे शिष्य व सहकारी. महास्फोटाच्या सिद्धांतावर त्यांनीं दीर्घकाळ आक्षेप घेतले, आणि १९९३ सालीं हॉयल व बर्बिज ह्यांच्यासह एक निराळा सिद्धांत मांडला. बहुतेक शास्त्रज्ञांस तो पटला नाहीं. तरी वादविवाद करण्याचा त्यांचा हक्क कोणीं नाकारला नाहीं. आतां अशी कल्पना करा कीं, महास्फोट म्हणजेच देवाची निर्मिति, असें आपण एखाद्या मुलास शिकविलें आहे. नारळीकरांचें पुस्तक त्याच्या हातीं पडतांच त्यास वाटणार कीं, ह्या पंडितांचें खरें असेल तर देव नाहीं! एका सज्जन विद्वानाच्या गणितास आपण विनाकारण श्रद्धेचें वैरी करून टाकिलें असतें. लमेत्र ह्यांच्या वाटेनें जाणाऱ्या मुलास अशी भीति नाहीं. महास्फोट खरा असो वा उद्यां दुसरा कांहीं सिद्धांत येवो. त्याचें मन शांत राहून तें पुस्तक वाचूं शकेल.

तें कसें, हें सांगण्यासाठीं मला आतां तत्त्वज्ञानाकडे वळलें पाहिजे. श्रद्धा आणि विज्ञान ह्यांच्या मध्यें तत्त्वज्ञान हें पुलासारखें आहे, आणि हा पूल मोडला कीं दोन्ही तीरांवरचीं माणसें एकमेकांस नुसतीं हांका मारीत बसतात.

तेराव्या शतकांत ॲरिस्टॉटल ह्या ग्रीक तत्त्वज्ञाचे ग्रंथ, बव्हंशीं अरबी विद्वानांच्या द्वारें, युरोपांत नव्यानें आले. त्या ग्रंथांत असें प्रतिपादन होतें कीं, विश्व अनादि आहे. ख्रिस्ती श्रद्धा तर सांगते कीं, विश्वास आरंभ आहे. पॅरिसच्या विश्वविद्यालयांत मोठा वाद माजला. संत बोनाव्हेंचर म्हणत कीं, विश्वास आरंभ असलाच पाहिजे हें केवळ बुद्धीनेंहि सिद्ध करतां येतें. संत थॉमस अक्विनास ह्यांचें मत निराळें पडलें. विश्वास आरंभ आहे हें ते श्रद्धेनें मानीत. पण तें बुद्धीनें सिद्ध करतां येत नाहीं, असें त्यांनीं स्पष्ट लिहून ठेविलें आहे. इतकेंच नव्हे तर, जें सिद्ध होत नाहीं तें लंगड्या पुराव्यानें सिद्ध करूं पाहिल्यास, आमची श्रद्धा असल्याच पुराव्यावर उभी आहे असें समजून अश्रद्ध लोक हंसतील, असा इशाराहि त्यांनीं दिला. हे दोघेहि साधुपुरुष १२७४ ह्या एकाच सालीं निवर्तले आणि दोघांसहि ख्रिस्तसभेनें आपले आचार्य मानिलें आहे. अशा प्रश्नावर दोघां संतांचा मतभेद असूं शकतो, हेंहि आमच्या तरुणांस सांगण्यासारखें आहे.

परंतु संत थॉमस ह्यांचा खरा उपकार ह्याच्याहि पलीकडचा आहे. निर्मिति म्हणजे काय, हा मूळ प्रश्न त्यांनीं विचारिला. आम्ही सामान्यतः असें समजतों कीं, कुंभार जसें मडकें घडवितो तसें परमेश्वरानें कोणे एके काळीं विश्व घडविलें आणि बाजूला ठेवून दिलें. मडकें घडवून कुंभार गांवाला गेला, किंबहुना मरून गेला, तरी मडकें राहतें. संत थॉमस म्हणतात, विश्वाचें आणि परमेश्वराचें नातें असें नाहीं. तें सूर्य आणि दिवसाचा उजेड ह्यांच्यासारखें आहे. सूर्य आहे तोंवर हवेंत उजेड आहे. सूर्य गेला कीं उजेड क्षणभरहि स्वतःच्या बळावर उरत नाहीं. ह्या क्षणीं हें मंदिर आहे, आपण आहों, दूरच्या दीर्घिका आहेत, त्या सर्वांस असणें हें परमेश्वराकडून ह्याच क्षणीं मिळत आहे. म्हणजे निर्मिति ही केवळ १३८० कोटी वर्षांपूर्वींची घटना नसून, आजचा आणि आतांचा आधार आहे. विश्व अनादि असतें तरीहि हा आधार त्यास लागलाच असता.

एवढें एक तत्त्व ध्यानांत आलें म्हणजे पुष्कळशी गुंतागुंत सुटते. विश्वाची एक अवस्था दुसऱ्या अवस्थेंतून कशी निघाली, हें विज्ञान शोधतें. मुळांत कांहींहि नसण्याऐवजीं विश्व कां आहे, हा प्रश्न विज्ञानाच्या मापांत बसत नाहीं. कारण मापावयास आधीं कांहींतरी असावें लागतें. आपल्यांतील शेतकरी हें तत्त्व ग्रंथ न वाचतां जाणतो. भात कशानें पिकलें, असें त्यास विचारा. तो पाऊस, खत, बियाणें आणि आपली मेहनत सांगेल. आणि नव्या पिकाच्या सणास तोच मनुष्य कणसें घेऊन परमेश्वराचे आभार मानावयास वेदीपुढें उभा राहील. पाऊस खरा कीं देव खरा, असा पेंच त्यास कधीं पडत नाहीं. पाऊस हें एका पातळीवरचें कारण आहे आणि परमेश्वर हा पावसाच्याहि असण्याचें कारण आहे. एकानें दुसऱ्याची जागा अडत नाहीं.

ह्यावर कोणी म्हणेल, ख्रिस्तसभेनें जर असें मानिलें, तर गॅलिलिओचें काय? हा प्रश्न रास्त आहे आणि त्यास आडपडदा न ठेवतां उत्तर दिलें पाहिजे. पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरते हें कोपर्निकस ह्यांनीं १५४३ सालीं ग्रंथरूपानें मांडलें. ते स्वतः एका महामंदिराच्या धर्ममंडळाचे सभासद होते. १६१६ सालीं रोमच्या अधिकाऱ्यांनीं ह्या मतास विरोध केला, आणि १६३३ सालीं गॅलिलिओ ह्यांस दोषी ठरवून आपलें मत सोडून देण्यास भाग पाडलें. १६४२ सालीं मृत्यु येईपर्यंत ते स्थानबद्धच होते. त्या वेळीं गॅलिलिओ ह्यांच्यापाशीं निर्णायक पुरावा नव्हता, हें खरें आहे; तरी त्यामुळें झालेला अन्याय पुसला जात नाहीं. ३१ ऑक्टोबर १९९२ रोजीं पोपमहाराज दुसरे जॉन पॉल ह्यांनीं विज्ञान अकादमीपुढें बोलतांना त्या काळच्या धर्मपंडितांची चूक मान्य केली. पवित्र शास्त्राच्या शब्दांचा अर्थ लावण्याचे नियम नीट न तपासतां त्यांनीं सृष्टीच्या रचनेचा प्रश्न श्रद्धेच्या प्रांतांत ओढून आणिला, ही ती चूक. आपल्या मुलांस ही हकीकत बाहेरून, उपहासाच्या सुरांत ऐकावी लागण्यापेक्षां, घरांतच, सत्य सांगून ऐकविलेली बरी.

आणि ह्या चुकीविरुद्धचा इशारा बारा शतकें आधींच ख्रिस्तसभेंत दिला गेला होता, हें त्याहून विशेष. संत ऑगस्टिन (मृत्यु ४३०) ह्यांनीं उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहितांना बजाविलें होतें कीं, आकाश, तारे, प्राणी ह्यांविषयीं अख्रिस्ती लोकांसहि अनुभवानें पक्कें ज्ञान असतें. अशा विषयांवर एखादा ख्रिस्ती मनुष्य पवित्र शास्त्राचें नांव घेऊन भलतेंच बोलूं लागला, तर ऐकणारे हंसतात, आणि मग पुनरुत्थान व अनंत जीवन ह्यांविषयींचें त्याच शास्त्राचें वचन ते कां मानतील? सृष्टीच्या सहा दिवसांचा अर्थहि संत ऑगस्टिन ह्यांनीं आपल्या चोवीस तासांच्या दिवसांसारखा घेतलेला नाहीं. म्हणजे आमच्या मुलाचा जेवणाच्या वेळचा प्रश्न सोळाशें वर्षांपूर्वींच गंभीरपणें विचारला गेला होता. तो विचारणें पाप नाहीं.

जीवसृष्टीच्या विकासाविषयींहि हीच दृष्टि ठेवावी. १९५० सालीं पोपमहाराज बारावे पायस ह्यांनीं, मानवी शरीराच्या उत्पत्तीविषयीं ह्या सिद्धांताचा अभ्यास करण्यास विद्वानांस मोकळीक दिली. मात्र प्रत्येक आत्मा परमेश्वर स्वतः निर्माण करितो, हें श्रद्धेचें तत्त्व कायम ठेविलें. १९९६ सालीं पोपमहाराज दुसरे जॉन पॉल ह्यांनीं, नव्या शोधांमुळें हा सिद्धांत केवळ कल्पना राहिलेला नाहीं, असें म्हटलें. आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगर मेंडेल हे ब्रनो येथील मठांतले ऑगस्टिनियन धर्मगुरु. मठाच्या बागेंत वाटाण्याचीं हजारों रोपें वाढवून त्यांनीं काढलेले निष्कर्ष १८६६ सालीं प्रसिद्ध झाले, आणि जगास त्यांचें महत्त्व १९०० सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनीं, समजलें.

आपल्या मुंबईकडेहि असे पुरुष होऊन गेले. १८६९ सालीं येशूसंघीयांनीं स्थापिलेल्या सेंट झेवियर महाविद्यालयांत फादर ब्लॅटर (१८७७–१९३४) ह्या स्विस धर्मगुरूंनीं वनस्पतींचा मोठा संग्रह उभा केला. तो आजहि त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. त्यांच्या मागून आलेले स्पॅनिश धर्मगुरु फादर सांतापाव (१९०३–१९७०) ह्यांनीं आमच्या सह्याद्रींतील खंडाळ्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, आणि पुढें ते भारत सरकारच्या वनस्पति सर्वेक्षण खात्याचे प्रमुख झाले. खंडाळ्याच्या घाटांत ओणवून गवताचें पातें न्याहाळणाऱ्या ह्या गुरूंस आपण धर्मकार्य सोडून भलतेंच करीत आहों असें वाटलें नसावें. ज्यानें तें पातें निर्माण केलें त्याच्याच हस्ताक्षराचें तें वाचन होतें.

आतां दुसऱ्या बाजूचाहि थोडा विचार करूं. कांहीं सुशिक्षित लोक असें म्हणतात कीं, जें विज्ञानानें सिद्ध होतें तेंच सत्य. बाकी सर्व समजुती. ह्या विधानाकडे नीट पाहावें. हें विधान कोणत्या प्रयोगानें सिद्ध झालें? कोणत्याहि नाहीं. तें विज्ञानाचें विधान नसून तत्त्वज्ञानाचें आहे, आणि तेंहि दुबळ्या तत्त्वज्ञानाचें. कोणी पाहत नसतां तागडी खोटी धरूं नये, हें कोणत्या प्रयोगशाळेंत सिद्ध होतें? १९४५ सालीं अणुबाँब कसा करावा हें विज्ञानानें सांगितलें. तो शहरावर टाकावा कीं नाहीं, ह्याचें उत्तर त्या समीकरणांत नव्हतें. तें उत्तर माणसास सद्सद्विवेकबुद्धीपाशीं शोधावें लागतें. विज्ञानास त्याच्या प्रांतांत पूर्ण मान द्यावा. पण तो प्रांत म्हणजेच अवघें जग, असें समजूं नये.

ख्रिस्तसभेनें हीच शिकवण अधिकारवाणीनें दिली आहे. १८७० सालीं पहिल्या व्हॅटिकन परिषदेनें असें घोषित केलें कीं, श्रद्धा आणि बुद्धि ह्यांत खरा विरोध असूं शकत नाहीं. कारण श्रद्धेचें दान देणारा आणि बुद्धीचा प्रकाश देणारा परमेश्वर एकच आहे. विरोध भासला, तर एक तर श्रद्धेचें तत्त्व नीट समजलेलें नसतें, किंवा बुद्धीच्या नांवावर एखादें मत खपविलेलें असतें. १९९८ सालीं पोपमहाराज दुसरे जॉन पॉल ह्यांनीं ह्याच विषयावर एक स्वतंत्र विश्वपत्र लिहिलें, आणि त्यांत तत्त्वज्ञांस विचार करण्याचें धैर्य सोडूं नका असा आग्रह केला.

बंधुभगिनींनो, आतां तीन व्यावहारिक सूचना करून मी आपलें भाषण संपवितों.

पहिली सूचना आईबापांस. मुलाच्या प्रश्नास उत्तर येत नसेल तर तें येत नाहीं असें म्हणावें, आणि त्याच्याबरोबर बसून शोधावें. रागानें गप्प केलेला मुलगा विसरत नाहीं. ज्यानें आपल्याबरोबर शोध केला तो बाप त्याच्या मनांत श्रद्धेचा साक्षीदार म्हणून राहतो.

दुसरी सूचना आजाऱ्यांच्या घरच्यांस. नवस बोलावा, रोझरी म्हणावी, आजाऱ्यांस अभ्यंगाचा साक्रामेंत द्यावा. पण त्यापायीं वैद्याकडे जाण्यास उशीर करूं नये. वैद्याचा मान राखावा, कारण त्यासहि परमेश्वरानेंच निर्माण केलें आहे आणि औषधेंहि त्याच्याच भूमींतून उगवतात, अशी शिकवण बेनसिराच्या पुस्तकांत आहे. औषध घेणें म्हणजे प्रार्थनेवर अविश्वास दाखविणें नव्हे.

तिसरी सूचना तरुणांस. विज्ञान शिकावयाचें तर मनापासून शिका. अर्धवट शिकूं नका. आणि जितकी मेहनत एका विषयाच्या परीक्षेसाठीं करितां, त्याच्या चौथ्या हिश्शानें तरी आपल्या श्रद्धेचा अभ्यास करा. पदवीपर्यंतचें विज्ञान आणि पहिल्या कम्युनियनच्या वेळचें धर्मज्ञान, हीं एकाच मनांत राहिलीं तर मोठें लहानास दाबून टाकणारच. त्यांत दोष विज्ञानाचा नसून, ज्यानें धर्मज्ञान वाढूं दिलें नाहीं त्याचा आहे. लमेत्र ह्यांनीं दोन्ही वाटांवर सारख्याच दमानें मजल मारली, म्हणून एका वाटेनें त्यांस दुसरीवरून ओढून नेलें नाहीं.

ज्यांनीं हें मंदिर बांधलें त्यांच्यापाशीं पुस्तकें थोडीं होतीं आणि श्रद्धा मोठी होती. त्यांच्या नातवंडांपाशीं आज पुस्तकें पुष्कळ आहेत. त्या मानानें त्यांची श्रद्धाहि वाढावी, हेंच ह्या महोत्सवाचें मागणें असूं द्या. जो सर्व सत्याचा उगम, त्या परमेश्वरानें आमच्या धर्मग्रामास बुद्धीचा प्रकाश आणि श्रद्धेची ऊब हीं दोन्ही द्यावींत, आणि ज्ञानाचें आसन अशी जिची ख्याति, त्या पवित्र मरीयामातेनें आमच्या मुलांस हातीं धरून न्यावें, अशी मी प्रार्थना करितों.